पाण्यात पडणारा द्राक्षाचा घड : स्टुडिओ स्ट्रोबवर केलेल्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

दिंडोरी भागातल्या एका पॅकहाउसला, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरून पाठवणाऱ्यांना, पेटीवर छापायला फोटो हवा आहे. हिरव्या थॉमसन द्राक्षाचा घड पाण्यात शिरतोय, भोवती पाणी उसळलंय आणि मणी न् मणी लख्ख दिसतोय, असा. विकत मिळणारा फोटो त्यांना नको, स्वतःच्याच मालाचा हवा. नाशकात द्राक्षाचा हंगाम मार्चपर्यंत जोरात असतो, म्हणजे हातात वेळ तेवढाच. असलं काम पुढे कुणी करायला घेतलं तर त्याचे पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून या नोंदी.

आज टाकी आली. ६० बाय ३० बाय ४० सेंटिमीटर, ८ मिलिमीटर काच. पुढची काच मुद्दाम एक्स्ट्रा क्लिअर लावून घेतली, कारण साध्या काचेत लोहाचा अंश असतो, तिच्यातून सगळं किंचित हिरवट दिसतं आणि हिरव्या द्राक्षावर तो रंग नंतर वेगळा काढता येत नाही. एकूण ३,४०० रुपये. बनवणाऱ्याने बजावलं, सिलिकॉन नीट वाळल्याशिवाय पाणी भरायचं नाही.

३४ सेंटिमीटरपर्यंत भरली तर पाणीच साधारण ६० लिटर, म्हणजे ६० किलो. वर काचेचं वजन. स्टुडिओतलं टेबल हा भार पेलणार नव्हतं. लोखंडी अँगलचा स्टँड, त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट. थर्माकोल विसरू नका, खाली एखादा खडा जरी राहिला तरी तळाची काच तडकते.

५ फेब्रुवारी

दिवसभर फक्त विजेचं काम. एकही फोटो काढला नाही, आणि हेच बरोबर होतं. पाणी उडणार, जमीन ओली होणार, आणि शेजारी स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओतले मोठे फ्लॅश. त्यातल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून स्टुडिओच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवली, मजुरीसकट २,३०० रुपये. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीला खिळ्यावर टांगले. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. स्ट्रोबमधले सतत जळणारे मॉडेलिंग लॅम्प काढूनच टाकले, कारण तापलेल्या हॅलोजनवर गार पाण्याचा थेंब पडला तर तो फुटतो. कॅमेऱ्यापासून लाइटपर्यंत एकही वायर नाही, सगळं रेडिओ ट्रिगरवर.

८ फेब्रुवारी

टाकी भरली, ४०० वॉट-सेकंदांचे दोन मोनोलाइट (साधे स्टुडिओ स्ट्रोब) लावले, शटर १/१६०, आणि भाच्याने वरून सुटे मणी सोडले. एकही मणी धारदार नाही. थेंबांच्या जागी पांढऱ्या रेघा.

४५ सेंटिमीटरवरून सोडलेली वस्तू पाण्याला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ मीटर असतो. चमक १/१००० सेकंद टिकली तर तेवढ्यात वस्तू ३ मिलिमीटर सरकते. माझ्या फ्रेमची रुंदी ४५ सेंटिमीटर आणि सेन्सर ६,००० पिक्सेलचा, म्हणजे ३ मिलिमीटरला ४० पिक्सेल. १/२०,००० सेकंदाची चमक मिळाली तर तोच ब्लर २ पिक्सेलवर येतो.

शटर वाढवून काही होत नाही. सिंकच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यांत जलद शटरच्या, पुढे गेलं की शटरच्या पडद्याची काळी पट्टी येते, आणि हाय-स्पीड सिंकमध्ये लाइट लागोपाठ लुकलुकत राहतो, म्हणजे हालचाल पुन्हा शटरच्याच हवाली. अंधारात चमक जेवढा वेळ टिकते तेवढाच खरा एक्स्पोजर.

१० फेब्रुवारी

खोक्यावर छापलेल्या फ्लॅश ड्युरेशनवर, म्हणजे चमक टिकण्याच्या वेळेवर, विसंबून चालणार नाही हे कळलं, म्हणून स्वतः मोजायचं ठरवलं. ऑसिलोस्कोप नाही. ड्रिल मशीन आहे, २,८०० आरपीएमचं. १० सेंटिमीटर त्रिज्येची पुठ्ठ्याची चकती कापली, काळी रंगवली, कडेला एक बारीक पांढरी रेघ ओढली. ड्रिल पूर्ण वेगात असताना कड सेकंदाला सुमारे २९ मीटर पळते, म्हणजे एका मिलिसेकंदाला २९ मिलिमीटर. अंधार करायचा, ड्रिल चालवायचं, फ्लॅश मारायचा आणि फोटोत रेघ किती पसरली ते मोजायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, पुठ्ठा सुटून येऊ शकतो.

मोनोलाइट पूर्ण पॉवरवर: रेघ ३८ मिलिमीटर, म्हणजे साधारण १/७६० सेकंद. त्याचीच पॉवर सगळ्यांत खाली आणली: ६० मिलिमीटर, १/४८०. कमी केल्यावर चमक उलट लांबली! छोटा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसवायचा फ्लॅश) पूर्ण पॉवरवर: ११० मिलिमीटर, १/१६ पॉवरवर: ३, १/६४ पॉवरवर: दीड. म्हणजे १/१९,००० सेकंदाच्या आसपास.

साध्या मोनोलाइटमध्ये पॉवर कमी करणं म्हणजे कपॅसिटर कमी व्होल्टेजला भरणं. त्यामुळे ट्यूब मंदपणे विझते आणि शेपूट लांबतं. स्पीडलाइटमध्ये आयजीबीटी नावाचा स्विच चमक मध्येच तोडतो, शेपूट उरतच नाही. खोक्यावरचा आकडा बहुधा टी-पॉइंट-फाइव्ह असतो: प्रकाश शिखराच्या निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ. आपल्याला हवा टी-पॉइंट-वन, दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. साध्या ट्यूबमध्ये हा दुसरा वेळ पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट निघतो. १/२००० छापलेला लाइट प्रत्यक्षात १/७०० चा असतो तो यामुळेच. लाइट विकत घेण्याआधी ही पुठ्ठ्याची चकती घेऊन दुकानात जा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

१४ फेब्रुवारी

चार स्पीडलाइट १/३२ पॉवरवर लावून पाहिले. धार आली, पण प्रकाश पुरेना. टाकीमागे दुधी अॅक्रिलिक, तिच्यामागे लाइट, आणि एफ/११ ला आयएसओ १६०० पर्यंत जावं लागलं. गर्द हिरव्यात नॉइज, म्हणजे रवाळपणा, दिसतो आणि छपाईत तो आणखी उठून येतो.

मग आयजीबीटीवाले दोन स्टुडिओ स्ट्रोब भाड्याने आणले, एकाचे दिवसाला १,५०० रुपये. खालच्या पॉवरला चकतीवर रेघ ३ मिलिमीटर, म्हणजे १/९,७००, आणि तरीही प्रकाश स्पीडलाइटच्या कितीतरी वर. ब्लर ४ पिक्सेलपर्यंत जातो, पेटीवरच्या छपाईला तो दिसत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: चमक आखूड केली की रंग निळसर होतो, कारण विझत जाणाऱ्या शेपटातला तांबूस प्रकाश कापला गेलेला असतो. ग्रे कार्डाचा, म्हणजे राखाडी पुठ्ठ्याचा, फोटो त्याच पॉवरला काढून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगाचा मेळ) बांधून टाकला. पॉवर बदलली की पुन्हा कार्ड.

आयएसओ ४०० ला एफ/११ मिळालं. लाइट टाकीच्या शक्य तितके जवळ आणले. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो, तेवढी पॉवर खाली आणता येते आणि चमक तेवढीच आखूड.

१७ फेब्रुवारी

दुहेरी प्रतिमा. प्रत्येक मण्याला शेजारी फिकट जोडीदार, साधारण ३ मिलिमीटर खाली. आधी वाटलं काचेतलं प्रतिबिंब. पण प्रतिबिंब खालीच कसं पडेल? स्ट्रोब एका रेडिओ ट्रिगरवर आणि वरचे स्पीडलाइट दुसऱ्याच जातीच्या ट्रिगरवर होते. दोन्हींच्या पोचण्यात मिलिसेकंदाचा फरक, आणि मिलिसेकंदात घड ३ मिलिमीटर खाली. सगळे लाइट एकाच सिस्टिमवर घेतल्यावर जोडीदार गायब. रोजच्या प्रॉडक्टच्या कामात हा फरक जन्मात कळला नसता.

१९ फेब्रुवारी

हाताने बटण दाबून घड नेमका पाण्याला टेकताना पकडणं नशिबावर. शिवाय बटण दाबल्यापासून कॅमेरा शटर उघडेपर्यंतही वेळ जातो. म्हणून जुनीच रीत घेतली: पूर्ण अंधार, शटर २ सेकंद उघडं, आणि क्षण ठरवायचा तो फ्लॅशने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या हॅरल्ड एजर्टन यांनी स्ट्रोबच्या चमकेवरच आयुष्यभर काम केलं. दुधाच्या थेंबाचा मुकुट दिसतो तो त्यांचा १९५७ सालचा रंगीत फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. साधनं बदलली, तत्त्व तेच.

घड लेझरच्या किरणातून पडला की आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) ठरावीक वेळ थांबून फ्लॅश मारेल अशी जोडणी केली. नॅनो आणि फ्लॅश ट्रिगर यांच्यामध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे एकीकडची वीज दुसरीकडे जात नाही. सुट्या भागांचे सगळे मिळून ६०० रुपये.

पहिल्यांदा किरण ओळखणारा सेन्सर म्हणून एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग) लावला होता. तो आळशी निघाला, प्रत्येक वेळी वेगळा उशीर. त्याच्या जागी बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड लावला आणि वेळ स्थिरावली.

२१ फेब्रुवारी

प्रत्येक फ्रेममध्ये शांत पाणी, घडाचा पत्ता नाही. वायर तपासल्या, लेझर तपासला, ट्रिगर बदलून पाहिला. दोष प्रोग्रॅमच्या एका ओळीत होता.

घड ४५ सेंटिमीटरवरून सुटतो, किरण पाण्यापासून २० सेंटिमीटर वर. किरण तुटल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत ७७ मिलिसेकंद लागतात. मी ते ७७,००० मायक्रोसेकंद म्हणून डिलेमायक्रोसेकंड्स या आज्ञेला दिले होते. नॅनोमध्ये या आज्ञेला ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावतच नाही, तो गुंडाळून ११,४६४ होतो. म्हणजे ११ मिलिसेकंदांतच फ्लॅश, घड अजून फ्रेमच्या वर. शिवाय १६,३८३ च्या पुढे ही आज्ञा भरवशाचीही नाही. साध्या डिलेमध्ये मिलिसेकंद दिले आणि वरचे सुटे मायक्रोसेकंद वेगळे दिले. अख्खी संध्याकाळ यात गेली.

आणखी दोन दुरुस्त्या. वर उडालेले थेंब किरण पुन्हा तोडतात आणि दुसरी चमक बसते, म्हणून एकदा फ्लॅश मारल्यावर ३ सेकंद सेन्सर बंद. आणि लेझर आधी पाण्यालगत होता तेव्हा पडत्या घडावर लाल रेघ उमटत होती, शटर २ सेकंद उघडं असल्यामुळे. किरण फ्रेमच्या बाहेर वर नेला तो याचसाठी.

२४ फेब्रुवारी

पाणी. या कामातला सगळ्यांत मोठा वेळ पाण्याने खाल्ला.

नाशकात अजून पहाटे गारठा आहे. नळाचं पाणी थंड, आणि थंड पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. ते खोलीत कोमट होऊ लागलं की हवा बाहेर पडते आणि काचेच्या आतून बारीक बुडबुडे धरतात. मागून प्रकाश असल्यामुळे प्रत्येक बुडबुडा काळ्या टिंबासारखा उमटतो. २० लिटरचे जार मागवले तर ते थंड करून आले आणि बुडबुडे आणखी वाढले. आता जारवाल्याला सांगून थंड न केलेले जार घेतो, एकाचे ४० रुपये. संध्याकाळी टाकी भरायची, वर स्वच्छ कापड टाकायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने आतल्या काचा हलकेच पुसून घ्यायच्या. घाई केली तर दिवस फुकट.

दुसरा त्रास रसाचा. घड आपटला की एखादा मणी देठापाशी उकलतो आणि साखरेचा रस पाण्यात उतरतो. त्याचे वळणावळणाचे पट्टे प्रकाश वाकवतात आणि मागचं सगळं थरथरल्यासारखं दिसतं. ढवळलं की पट्टे जातात, पण पाणी हळूहळू गढूळ होतंच. अॅक्वेरियमचा फिल्टर, आत कापूस, दोन शूटच्या मधल्या वेळात चालवायचा आणि पाणी शांत होईपर्यंत हात बांधून बसायचं.

२६ फेब्रुवारी

घड सोडायचा कसा? हाताने सोडला तर फिरतो. चिमटा उघडला तर एका बाजूला झटका बसतो. देठाला सुती दोरा बांधून तो वरच्या दांडीला टांगला आणि उदबत्तीने जाळला. घड सरळ, न हलता खाली. दोरा मात्र दर वेळी नवा आणि कोरडा हवा. ओला जळत नाही, नुसता धुमसतो. अंधारात उदबत्तीचं टोक फ्रेममध्ये दिसू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा.

फोकस पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर घ्यायचा, हवेतल्या नाही. पाण्यातून वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटच लांब भासते, त्यामुळे बाहेर घेतलेला फोकस आत चुकतो. छापील अक्षरांची प्लास्टिकची पट्टी घडाच्या जागी बुडवली, मॅन्युअल फोकस घेतला आणि रिंगवर टेप मारली. कॅमेरा काचेला अगदी काटकोनात. जरा तिरका झाला की कडांना रंगाच्या झालरी येतात. कॅमेऱ्यापुढे काळं कापड आणि त्याला लेन्सपुरतं भोक, नाहीतर काचेत ट्रायपॉड दिसतो.

२ मार्च

बागेतून ताजे घड आले. आणणाऱ्या बागाईतदारांनी खोक्याचं झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, "दादा, मण्याला बोट लावायचं नाही. देठालाच धरायचं." मी एक मणी तरी चुकून धरला आणि फोटोत माझ्या बोटाचा ठसा स्वच्छ दिसला. मण्यावर मेणाचा जो पांढुरका थर असतो तो तिथे पुसला गेला होता.

याच थराने आजचा दिवस घेतला. हा थर पाणी झटकतो. घड पाण्यात गेला की प्रत्येक मण्याभोवती हवेची पातळ कात चिकटून राहते आणि तिच्यावरून प्रकाश पूर्ण परततो. द्राक्ष हिरवं दिसतच नाही, चंदेरी दिसतं. मण्यांच्या फटींतूनही भरपूर हवा खाली ओढली जाते. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ठिणगीच्या प्रकाशात गोळ्या पाण्यात टाकून पाहिल्या, तेव्हा गुळगुळीत कोरडी गोळी आणि खडबडीत गोळी पाण्याला अगदी वेगळं फाडतात हे त्यांना दिसलं होतं. वस्तू तीच, उंची तीच, फरक फक्त पृष्ठभागाचा. तेच इथे डोळ्यांसमोर घडत होतं.

भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात एक घड बुडवून धुतला. कात गेली, पण टाकीत फेस झाला आणि द्राक्ष प्लास्टिकचं दिसू लागलं. तो पांढुरका थर हीच तर ताजेपणाची खूण, तोच धुतला. ६० लिटर पाणी ओतून द्यावं लागलं.

शेवटी जमलं ते असं: घड देठाने धरून साध्या पाण्याच्या बादलीत सावकाश बुडवायचा, अलगद दोन-तीनदा फिरवायचा, बाहेर काढून निथळू द्यायचा आणि पाणी पूर्ण सुकायच्या आत सोडायचा. थर बराचसा राहतो, हवेची कात तुकड्या-तुकड्यांत फाटते, हिरवा रंग दिसतो आणि काही मण्यांवर चंदेरी कड उरते. ती कड मला आवडली. सगळीच काढू नका.

५ मार्च

प्रकाशाची मांडणी पक्की झाली. मागे दुधी अॅक्रिलिक, तिच्यामागे एक स्ट्रोब. पण पूर्ण अॅक्रिलिक उजळलं की थेंबांना कड राहत नाही, पांढऱ्यात पांढरं विरून जातं. अॅक्रिलिकच्या दोन्ही बाजू काळ्या पुठ्ठ्याने झाकत झाकत उजेड फ्रेमपुरता ठेवला, तशी प्रत्येक थेंबाला आणि बुडबुड्याला काळी बारीक रेघ आली. दुसरा स्ट्रोब डावीकडून, वरून दोन स्पीडलाइट १/६४ वर. लाइट कितीही असोत, धार ठरते ती त्यांतल्या सगळ्यांत लांब चमकेने. म्हणून जुने मोनोलाइट खोलीतही ठेवले नाहीत.

लेन्सची उंची पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली. मग पाण्याचा पृष्ठभाग खालून आरसा होतो आणि बुडणाऱ्या घडाचं उलटं रूप त्यात दिसतं. किंचित वर घेतली तर मागची पाण्याची कड मध्ये येते.

१२ मार्च

पॅकहाउसला फोटो दिले, त्यांनी तीन घेतले. पुढे करणाऱ्यांसाठी वेळा, ४५ सेंटिमीटर उंची आणि १८ सेंटिमीटर लांबीच्या घडासाठी, किरण तुटल्यापासून: ८५ मिलिसेकंदाला फक्त खालचे मणी पाण्यात आणि पहिली उसळी. ११० ते १२० ला घड निम्मा आत, पाणी वर चढलेलं. पेटीवर जाणार तो हाच. १७० च्या पुढे घड पूर्ण आत आणि भोवती हवेचा पांढरा पडदा, ज्यात निम्मं द्राक्ष झाकलं जातं. २५० नंतर हवा वर निघून जाते आणि घड मोकळा दिसतो.

एकूण खर्च, स्ट्रोबचं भाडं धरून, २१,००० च्या घरात. त्यातलं निम्म्याहून जास्त भाडंच. चकतीची चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर दोन दिवस वाचले असते.

काळ्या द्राक्षाचं काम अजून बाकी. शरद जातीचा घड मागच्या प्रकाशात नुसता काळा ढीग दिसला. त्याला कडेने पट्टीसारखा प्रकाश द्यावा लागेल आणि पार्श्वभूमी गडद. टाकी रिकामी केलेली नाही, पाणी फिल्टरवर आहे. शुक्रवारी निफाडहून माल येणार आहे.